वाढत्या मापाचे बूट

दोन हजार चोवीसचा डिसेंबर, सिंगापूरचे पावसाचे दिवस. माझ्या नातीला, इराला, स्नोबोर्डचे टणक बूट हवे होते. या देशात बर्फ नाही, म्हणून पोरगी मॉलमध्ये सरकत्या गालिच्याच्या उतारावर शिकते. बोर्ड त्याच्या एका कडेवर कलवून वळण कापायचं, एवढ्यासाठी वर्ष घातलं तिने.

दुकानातली बाई म्हणाली, "अंकल, धिस टाइप मस्ट बी टाइट वन."

मी इराला म्हटलं, "तिला सांग, मी चाळीस वर्षं जहाजांवर फिटर होतो, मला बूट शिकवू नको. वाढतं माप दे."

"आजोबा, नो लाह," इरा इथल्या पोरांच्या धाटणीत म्हणाली. "मी सोळाची आहे, आता काय पाय वाढणार?"

"मग जाड मोजे घाल." आमच्या घरात बूट कायम दोन नंबर मोठेच आले.

पुढे जपानच्या सरावाला कोणाला न्यायचं, त्याची चाचणी तिला शिकवणाऱ्या सरांनी घेतली. मी बाकावर होतो. इरा कलली की टाच बुटातल्या बुटात उचलायची आणि बोर्डची कड सुटायची. तीनदा पडली. सर वैतागले. "असले ढगळ बूट निवडले कोणी?"

"मीच, सर," इरा म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोरीचं असलं देणं डोक्यावर घेऊन मी घरी जाणार नव्हतो. उठलो, आणि सगळ्यांसमोर माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "सर, बूट माय चॉइस. गर्ल नो मिस्टेक."

सरांनी कपाटातून तिच्या मापाचे बूट काढले आणि तिला पुन्हा वर पाठवलं.