शेजारी बसायचं, बास!

...आणि वर मलाच विचारतात, ‘काय मग, घोडे कसे होते?’ अहो, कसले घोडे! रेसकोर्सवर गेलो, अगदी पुढच्या स्टँडमध्ये बसलो, आणि तुम्हाला सांगतो, घोड्याचं शेपूटसुद्धा धड पाहिलं नाही मी! बरं, मला घोड्यांत रस होता का? मुळीच नव्हता! मी शिंपी माणूस, मला जॉकीच्या सदऱ्याची शिवण दिसणार, घोडा कुठला दिसायला! मला हवं काय होतं? बायकोच्या शेजारी बसायचं, बास!

हसता काय? तुमच्या सौ. शेजारी बसल्यात म्हणून हसताय! माझी बायको अपघात विभागात सिस्टर. मी दुकानाचं शटर वर करतो तेव्हा ती जिना चढत असते, मी शटर खाली ओढतो तेव्हा ती जिना उतरत असते. आमचा सगळा संसार त्या जिन्यावर! ‘आलीस?’ ‘हो. जेवलात?’ ‘हो. निघालीस?’ ‘हो.’ झालं! एकदा, एकदाच हो, दोघं सोफ्यावर बसलो होतो आणि तिनं आपणहून माझा हात हातात घेतला. म्हटलं, वा! आता काहीतरी गोड बोलणार. बघतो तर हिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे! म्हणते, ‘अहो, नाडी जरा जलद लागतेय तुमची.’ अगं बाई, तू हात धरलास म्हणून जलद लागतेय ना!

तर अशात रेसकोर्सवाल्यांनी जाहीर केला कृतज्ञता दिवस. सैनिक, अग्निशमनवाले, अँब्युलन्सवाले, दवाखान्यातले, सगळ्यांना घरच्यांसकट आमंत्रण, पुढच्या रांगा राखीव, चहा, सँडविच, भाषणं. मी तिला जिन्यावरच गाठून सांगितलं. ती म्हणाली, ‘बघू.’ आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘विसरा’. पण काय झालं कोणास ठाऊक, पठ्ठीनं ड्यूटी बदलून घेतली! मग काय, मी लोकांची कापडं बाजूला सारली आणि तिच्यासाठी निळा ड्रेस शिवायला घेतला. मुद्दाम बिनखिशाचा! खिसा दिला की त्यात कात्री येते, चिकटपट्टी येते, हातमोजे येतात, आणि हातमोजे आले की मागोमाग पेशंट आलाच!

पोचलो तर पहिली भानगड खुर्च्यांची. या लोकांना सगळ्यांना कडेची खुर्ची पाहिजे! अग्निशमनवाला म्हणतो, ‘मी कडेला बसतो, सवय आहे.’ डॉक्टर म्हणतो, ‘मला जरा पटकन उठावं लागतं.’ अहो कुठे उठताय? सुट्टी आहे ना आज? शेवटी सत्काराची मंडळी सगळी कडेला, आणि घरची माणसं मधे, पाहुण्यांच्या गाडीत सामान ठेवावं तशी! पण मला काय त्याचं? ती कडेला, मी तिला लागून. शेजारी बसायचं, बास!

मग वरच्या काचेच्या खोलीतून निवेदक सुरू झाला. गोलमटोल माणूस, गळ्याला टाय आवळलेला, आवाज मात्र खणखणीत! ‘आपण आमच्यासाठी अहोरात्र धावता, आज घोडे आपल्यासाठी धावतील!’ टाळ्या! सैनिक ताठ बसलेले, अग्निशमनवाले छताचे खांब मोजताहेत, आणि आमची ही घोडेस्वाराकडे बघून म्हणते, ‘त्याचा डावा गुडघा सुजलाय हो.’ मी म्हटलं, ‘सुजू दे! तू सँडविच खा.’ आणि काय सांगू, ऐकलं तिनं! सँडविच खाल्लं, सँडल काढून पाय मोकळे सोडले आणि डोकं टेकवलं. कुठे? माझ्या खांद्यावर! मी श्वास घ्यायचा थांबलो हो, खांदा हलू नये म्हणून! तिच्या केसांना साधा साबणाचा वास येत होता. मला इतकी वर्षं वाटायचं, बायकोला औषधाचाच वास असतो. आणि तिथेच घोटाळा झाला.

तुम्हाला माहीत नसेल, या लोकांचा एक नियम आहे. ड्यूटीवर ‘आज शांत आहे’ असं कुणी म्हणायचं नाही. म्हटलं रे म्हटलं की दारात स्ट्रेचर! घरात मला इतक्या वर्षांत तो शब्द काढायची मुभा नाही. आणि मी, एवढं सगळं ठाऊक असलेला मी, चांगला मोठ्यानं बोलून गेलो, ‘किती शांत वाटतंय ना गं आज!’

अहो, सगळ्या स्टँडला कुणी चिमटा काढावा तसं झालं! पुढचा अग्निशमनवाला गर्रकन वळला, ‘कोण बोललं ते?’ मागून डॉक्टर, ‘काय राव, घात केलात!’ एक अँब्युलन्सवाला तर बुटांच्या नाड्या बांधायला लागला! आणि ही... हिनं खांद्यावरून डोकं उचललं. ‘अहो, काय बोललात हे!’

तेवढ्यात शर्यत सुटली. निवेदक रंगात आला, ‘आणि तपकिरी घोडा पुढे, काळा त्याच्या मागे, काळा जवळ येतोय, काळा... काळा...’ आणि धप्प! माइकमधून खुर्ची पडल्याचा आवाज! पुढे सामसूम!

मग तुम्हाला सांगतो, सगळा स्टँड उठला! सगळा! सैनिक कठड्यावरून, अग्निशमनवाले खांबावरून, डॉक्टर जिन्यावरून! आमची ही सँडल इथेच टाकून अनवाणी! एका माणसाला चक्कर आली, त्याला उचलायला अख्खी पलटण! आणि माइक चालूच! सगळ्या मैदानाला ऐकू येतंय, ‘बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे!’ ‘मी पण!’ ‘अहो, इथे सगळे तेच आहेत!’ ‘हवा येऊ द्या!’ ‘माझ्या पायावरून उतरा आधी!’ खाली घोडे बिचारे धावताहेत, बघायला कुणी नाही, कोण जिंकलं ते घोड्यांनाच माहीत!

आणि मग त्या गलक्यातून एक आवाज आला. बाईचा. हळू, अगदी मऊ. ‘काका, डोळे उघडा बघू. माझ्याकडे बघा. घाबरायचं नाही. मी आहे ना इथे. मी कुठेही जात नाही.’

माझी बायको हो! लग्नाची बायको! हा आवाज तिच्याकडे आहे, हे मला लाउडस्पीकरवरून कळलं!

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या रांगांत मधली माणसं तेवढी उरलेली. नवरे, बायका, म्हातारे आईबाप, प्रत्येकाच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. माझ्या पलीकडे एका सैनिकाची आई होती. म्हणाली, ‘पहिल्यांदाच आलात वाटतं? पिशवी ठेवा त्या खुर्चीवर. रिकामी बघवत नाही.’ मी ठेवली. काय करणार?

पुढचं ऐका! निवेदक शुद्धीवर आला, पण हिचा हात सोडेना! ‘सिस्टर, तुम्ही म्हणालात ना, कुठे जाणार नाही?’ आता शब्द दिला म्हटल्यावर? बसली त्याच्याबरोबर अँब्युलन्समध्ये! गाडीतूनच मला हात केला, म्हणजे ‘या तुम्ही घरी’. आणि मी बसच्या रांगेत, हातात बायकांच्या सँडल! लोक माझ्याकडे कसे बघत होते, ते सांगत नाही.

घरी गेलो का? नाही गेलो. सँडल द्यायला म्हणून तिच्या दवाखान्यात गेलो. दारातला रखवालदार म्हणाला, ‘पेशंटचे कोण?’ म्हटलं, ‘मी सिस्टरचा नवरा.’ ‘मग इथे बसता येणार नाही. बाक पेशंटच्या नातेवाइकांसाठी आहे.’ घ्या! सिस्टरच्या नवऱ्याला जागाच नाही! तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, ‘रेसकोर्सवरून आणलेत ना, त्यांचा भाऊ मी.’ ‘मग बसा की!’

बसलो. थोड्या वेळानं दार उघडून ही बाहेर. ‘निवेदकांचे नातेवाईक कोण आहेत?’ मी उभा राहिलो, सँडल हातात. तिनं माझ्याकडे पाहिलं, रखवालदाराकडे पाहिलं. ओठ दाबून हसू आवरलं आणि त्याच मऊ आवाजात, अगदी त्याच हो, म्हणाली, ‘बसा. घाबरायचं काही कारण नाही.’ आणि स्वतः बाकावर बसली. माझ्या शेजारी! नातेवाइकांना नीट बसून समजावायचं, अशी त्यांची पद्धतच आहे म्हणे! ‘उन्हानं आणि आवळलेल्या टायनं चक्कर आली. आणखी काही विचारायचंय?’

काही? अहो, काय काय नाही विचारलं! खायला काय द्यायचं? उशी किती उंच ठेवायची? पुन्हा टाय लावला तर चालेल का? तिनं एकेका प्रश्नाचं सावकाश उत्तर दिलं. उठली नाही. शेवटी मी विचारलं, ‘त्यांच्याजवळ कुणी बसलेलं लागतं का हो, सिस्टर?’ म्हणाली, ‘लागतं. सगळ्यांनाच लागतं.’ आणि माझ्या हातातल्या सँडल घेऊन आत गेली.

मी ठरवलं, रोज यायचं! भाऊ आजारी म्हटल्यावर यायला नको? दुसऱ्या दिवशी हिची बदललेली, दिवसाची ड्यूटी; मी दुकानाचं शटर उघडलंच नाही, तडक दवाखान्यात. तर रखवालदार म्हणतो, ‘अहो, भाऊ तुमचे सकाळीच घरी गेले! ठणठणीत!’ चांगलंच आहे हो, माणूस बरा झाला, आनंदच आहे... पण मी म्हणतो, एवढी काय घाई होती?