चाक उजवीकडंच फिरणार

नाय नाय, माऊस सोड आधी, संस्कृती — पहिला दिवस आहे ना तुझा, मग आज नुसतं बघ. हे आपल्या पंपाच्या कंपनीचं चिन्ह. चाक उजवीकडं दीड फेरा फिरतं, सावकाश थांबतं, मग खाली नाव येतं. तीन सेकंद. बस्स! दिवाळीचा व्हिडिओ असो नाय तर सर्व्हिस सेंटरचा — हेच आणि असंच. चार वर्षं सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा, पण ऐकतंय कोण? सेल्सवाल्यांना चाक उड्या मारताना पाहिजे. एचआरच्या आशा मॅडम म्हणतात, संध्या, महिला दिनाला ते फुलासारखं उमलू दे ना! अगं, पंप आहे का गजरा? — हस, हस. मला नाय येत आता हसू.

कंटाळवाणं वाटतं ना, रोज तेच तेच? अभयलाही वाटायचं. तुझ्या आधीचा, याच खुर्चीत बसायचा. त्यानं दिवाळीला चाकातून अनार उडवले. सगळ्यांसमोर झापलं मी त्याला — नाव यायच्या आधी, नुसतं चाक फिरताना बघून लोकांनी आपल्याला ओळखलं पाहिजे! आणि ओळखतात बरं का. गेल्या महिन्यात कृषी प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर आप्पासाहेबांचा — आपल्या मालकांचा — व्हिडिओ चालू होता. फुलंब्रीकडचे एक धोंडिबा मामा समोर उभे, मोठ्यानं म्हणतात, "ओ साहेब, तुमचं चाक उलटं फिरायलंय! वायरी अदलाबदल झाल्या काय? पाणी कसं फेकणार ह्यो?" अख्खा मांडव हसला. उलटी फिरणारी मोटर पाणी फेकत नाय, हे तिथं लेकराला पण ठाऊक! आप्पासाहेब लालेलाल. संध्याकाळपर्यंत अभय घरी.

मग? दुसरं कोण असणार? चाकाशी खेळायची खोड त्याचीच ना? आप्पासाहेबांनी मला विचारलं, "संध्या, हे अभयचंच काम ना?" मी काय बोलले — काहीच नाय बोलले. गप्प बसणं म्हणजे काय खोटं बोलणं आहे का? अभय तिथंच उभा, बघत होता माझ्याकडं. पुंडलिकनगरला आमच्याच गल्लीत राहतो. त्याची बायको भाजीच्या गाड्यापाशी दिसली की मी तशीच माघारी — लई लाज वाटते. जाऊ दे. तू लिहून घे.

चाक वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं. आणि हे मिररचं बटण दिसतंय? उजव्याचं डावं करतं. अख्ख्या व्हिडिओला कधी लावायचं नाय! कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आप्पासाहेब म्हणणार, माझं तोंड दुसरीकडं पाहिजे, फिरवा. घाई असते, आपण सगळंच फिरवून टाकतो, नाव तेवढं वरून सरळ चिकटवतो, अन् चाकाकडं लक्षच —

काय? मला कसं माहीत? अगं, होतं असं. कोणाचंही होतं. चार वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईचं होत नाय का?

ती नको उघडू. प्रदर्शनाची फाईल आहे ती, जुनी — संस्कृती, नको म्हणतेय ना!

हां. वाचलंस ना, खाली बनवणाऱ्याचं नाव. बंद कर आता. जेवायची सुट्टी झाली, जा. काय बघतेस? जा म्हणलं ना.