पानाची खालची बाजू

प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरच्या रांगेत पुढे रोपवाटिकेवाल्या जोडप्यात जुंपलेली पाहून मागच्या माळीबुवांनी कान टवकारले.

“रोग पडू नये म्हणून मी चांगले जिवाणू फवारले, आणि तुम्ही भर उन्हात पानं पुसलीत!”

“गिऱ्हाईकाला चकचकीत पानं लागतात गं.”

“आता चकचकीत काड्या विका.”

खिडकीतून तपासनीस बाई म्हणाल्या, “तुमचे जिवाणू जिवंत आहेत! वर एकही नाही, पण पानाखाली शिरांलगत चिकट थर करून, सावलीत बसलेत. खालून पुसलं नव्हतं ना?”

“खालून कोण बघतंय? सोडून दिलं.”

“अगं बाई! घरीसुद्धा हे कपाटाखालचा केर काढत नाहीत, म्हणून मी रोज कावते.”

“मग आता?” नवऱ्यानं विचारलं.

“आता नाही कावणार. आजच्या दिवस.”