थोरल्याचा माळ, धाकट्याची काळी

अन् वाटा कोनी उचलला? म्या! म्याच! ह्या हातानं! म्हनून तर बोंबलून राहिलो... हसू नका वो, सांगतो, बसा.

तुम्हाला सांगतो, आमच्या लोह्याकडं रीत हाय, भावाभावात जमीन वाटायची तर थोरल्यानं वाटे पाडायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचं, म्हंजे थोरल्याला लबाडी करता येत न्हाई. आमच्या शेषेरावदादानं पाडले दोन वाटे. एक विहिरीजवळची काळीभोर जमीन, अन् दुसरा गावाबाहेर रोडच्या कडंचा माळ, जिथं शेळीबी चरायला नाराज! आता म्या काय येडा हाव? झटकन काळी उचलली अन् घरी येऊन शिवकन्येला, म्हंजे आमच्या मंडळीला, म्हनलं, "दादाला गंडवला!" पेढे वाटले वो गावात!

अन् आता? त्या माळावर नांदेडचा रियाज इंजिनेर चुना टाकून रस्ते आखून राहिलाय. हितं कॉलनी होनार! हितं बगीचा, हितं देऊळ, हितं नाली... अहो, गावात अजून नाली न्हाई अन् माळाला आधी नाली! कमानीवर नाव काय, तर 'शेषेराव नगर'! ज्या मानसाला सदऱ्याची गुंडी नीट लावता येत न्हाई, त्याचं नगर! जळतंय वो माझं, खोटं कशाला बोलू, टाळूपासून टाचेपर्यंत जळतंय. वाटा कोनी उचलला? म्या!

गेलो रियाजकडं. म्हनलं, माझ्याबी रानात पाड की दोन-चार रस्ते. त्यो ढेकूळ बोटानं फोडतो अन् म्हनतो, "चाचा, काळी मिट्टी हाय ना ही, पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, भिंती तडकत्यात. घराला मुरूमच पायजे. तुमची जमीन लई भारी हाय... पिकाला." पिकाला! घरी आलो तर शिवकन्या म्हनती, "दादाला गंडवला न्हवं? अजून पेढे आनू का?"

वर दादाचा चांगुलपना बघा... भांडला असता तर बरं वाटलं असतं! नकाशा घेऊन दारात हजर. "दया, घरच्यासाठी दोन प्लॉट ठेवलेत. एक रोडच्या कोपऱ्याचा, एक मागं, तुझ्या रानाकडं तोंड करून. त्यातला एक तुझा. आधी तूच उचल, धाकटा हाईस."

माझा हात गेला की वो कोपऱ्याकडं! पन मनात म्हनलं, थांब दयानंदा! मागल्या टायमालाबी हाच हात असाच गेला होता. "न्हाई दादा, औंदा तू उचल." त्यो नको नको म्हनला, म्या पाय धरले पाय! मग त्यानं सहज बोट ठेवलं... कोपऱ्यावर. दुसऱ्याच दिवशी रियाज म्हनतो, "कोपऱ्याला यष्टीचा थांबा होनार, खाली दुकानं काढा!" आता बोला, ह्या टायमाला तर म्या उचललाबी न्हाई!

माझ्या प्लॉटावरून दिसतं काय? माझंच रान! जाहिरातीत छापलंय, 'खिडकी उघडा, समोर हिरवंगार शेत'. मागल्या म्हैन्यात दादा आला, खांद्यावर हात ठेवून म्हनतो, "दया, गिऱ्हाइकं प्लॉट बघायला येनार हायेत. औंदा ऊसच लाव. हरभरा लवकर वाळतोय, बरा दिसत न्हाई."

काय करता... लावला ऊस.