शेवटच्या बादलीचं पाणी

लेक : आमचा जिप्सम तिसऱ्यांदा परत आला गं आई! कपांच्या कारखान्यातल्या साचेवाल्या काकांनी त्याच्या साच्याला नुसती जीभ लावली आणि म्हणाले, "खारट. यात कपांची माती ओतली तर डाग पडतील."

आई : जीभ लावली? मग तुमची यंत्रं कशाला?

लेक : यंत्रंही तेच सांगतात, फक्त दोन दिवस उशिरा. पुढच्या सोमवारी शेवटची संधी. नाही जमलं तर काम बंद. वीजकेंद्राच्या धुरातून निघालेला सगळा जिप्सम पुन्हा ढिगावर.

आई : म्हणजे पुन्हा माझ्या दोरीवर. तीस वर्षं लोकांचे कपडे धुतले. जरा वारा सुटला की तो ढीग त्यांवर येऊन बसायचा. मीठ काढायला तू तो जिप्सम किती वेळा धुतेस?

लेक : तीनदा.

आई : कुठल्या पाण्यात?

लेक : त्याच. रोज एकच टाकी मिळते, तेच पाणी फिरवते.

आई : अगं शहाणे! मळक्या पाण्यात तीनदा बुडवून कपडा निघतो होय? ये इकडे. या तीन बादल्या. कोरं पाणी कुठे ओतशील?

लेक : पहिलीत.

आई : घाई नको. कपडा बाहेर कुठून निघतो?

लेक : तिसरीतून.

आई : मग?

लेक : कोरं पाणी तिसरीत... मग तेच दुसरीत, दुसरीतलं पहिलीत. आणि पहिलीतलं, सगळ्यांत खारट, तेवढंच टाकायचं. आई, पाणी तेवढंच लागतं!

आई : तेवढंच. जास्तीची बादली मला तरी कोण देत होतं?

(सोमवार. कपांच्या कारखान्यातली साच्यांची खोली. साचेवाले नव्या साच्याला जीभ लावतात.)

लेक : काका, बोला ना काहीतरी!

साचेवाले : थांब, जीभ सुटू दे. कशी चिकटली बघ! पाणी ओढतोय साचा. आणि मीठ नावाला नाही. पाठव माल. कुणी शिकवलं हे?

लेक : हिनं. माझी आई.

साचेवाले : ताई, कुठल्या कॉलेजात होता?

आई : नळाखाली.

लेक : आई, तुझे आभार कसे मानू?

आई : माझे कशाला? त्या ढिगानं एकेक कपडा दोनदा धुवायला लावला, म्हणून तर पाणी पुरवायला शिकले.

लेक : म्हणजे त्या ढिगाचे आभार?

आई : मानू की. आधी तो धुऊन संपव.