दुपारचा खर्रा

घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांच्या रांगेत बसलो होतो. कापूस वेचणाऱ्या मथुराबाई आतून तपासून आल्या आणि सोबतीला आलेल्या तरण्या दीपाजवळ टेकल्या.

"काय म्हणे डॉक्टर, काकू?"

"तोंडात दोन बोटंबी जात नाही म्हणे. गालाचा तुकडा काढून तपासाले पाठवू म्हणे. मी म्हटलं, वेचणी झाली का येतो."

"काहून? आजच काढून घ्या ना!"

"आज गाल कापला तं उद्या माह्या जागी दुसरी बाई लागते वावरात."

"मंग तो खर्रा तरी सोडा."

"कशी सोडू? सुपारी-तंबाखूच्या पुड्या मालकच वाटते. बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला, उरलेला लवकर वेचा, जेवाले बसू नका म्हणते. खर्रा तोंडात असला का भूक मरते."

"तो सोता कधी खात नाही पण."

"तो कायले खाईन? त्याले भूक लागली का तो जेवते."

मथुराबाई दीपाकडे निरखून पाहू लागल्या.

"दीपा, तुले तिखट कधीपासून झोंबते?"

"मले? नाही तं."

"वावरात चटणी बाजूले काढतं तू. दिसते मले. माहंबी असंच सुरू झालं होतं."

"जराशीक आग होते, काकू."

"ऊठ. चिठ्ठी काढ अन् आत जा. तुह्यं तोंड अजून उघडते."