भिकनचं कार्ड

प्रांजली : ...अकराला इथं, अकरा दहाला वैजापूरला आणि सव्वाअकराला थेट पैठणला. कडुबाकाका, हा तुमचा भिकन शिंगाडे माणूस आहे की वावटळ?

कडुबा : माणूसच हाय म्याडम. लई भला.

प्रांजली : भला माणूस पंधरा मिनिटांत तीन दवाखान्यांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं नेतो?

कडुबा : नाद आसतो एकेकाला.

प्रांजली : मधुमेह, क्षयरोग, बाळंतपण, मोडलेली हाडं, लहान मुलांचे जुलाब. इतकं तर इथले मोठे साहेबही वाचत नसतील.

कडुबा : साहेब कुठं वाचतेत. पेपर आला की कोडं सोडवतेत, ते बी अर्धं.

प्रांजली : विषय बदलू नका. महिन्यापूर्वीपर्यंत तुमचं रजिस्टर तुमच्या कपाटात होतं, पैठणचं पैठणला. आता आठ दवाखान्यांची ग्रंथालयं एकाच सिस्टीमवर आहेत. एका कार्डावर कुठूनही पुस्तक मिळतं आणि वरच्या ऑफिसला सगळं दिसतं. त्यांना हा भिकन दिसलाय. कोण आहे, हे मला पाचच्या आत लिहून द्यायचंय. आणि पाचला आमच्या उस्मानपुऱ्यात नळ येणार आहे, आठ दिवसांनी. म्हणून म्हणते, बोलवा त्याला.

कडुबा : येनार नाय तो.

प्रांजली : रजेवर आहे?

कडुबा : तसंच म्हना. लांबच्या.

प्रांजली : किती लांबच्या?

कडुबा : कैलासनगरच्या मसनवट्यात पोचवला त्याला. तेरा सालच्या दुष्काळात. मीच खांदा दिला.

प्रांजली : म्हणजे सहा वर्षांपूर्वी मेलेला माणूस पुस्तकं नेतोय.

कडुबा : जित्ते नेत नायत. मेल्यानं नेली तर तुमच्या सिस्टीमच्या पोटात काहून दुखायलंय?

प्रांजली : काका, मी हसत नाहीये. खरं काय ते सांगा.

कडुबा : भिकन वार्डबॉय व्हता. कार्ड कुनाला मिळतं? निस्तं कर्मचाऱ्याला. आन् व्हरांड्यात पेशंटाची मान्सं बसलेली आसतेत, पंधरा पंधरा दिवस. डाक्टर एक अवघड शब्द फेकतो आन् निघून जातो. भिकनला ते बघवंना. त्यानं सोताच्या कार्डावर मराठीतली साधी पुस्तकं काढून त्यांला द्यायला सुरुवात केली.

प्रांजली : वाचायची फार आवड होती का त्याला?

कडुबा : त्याला बसची पाटी वाचता येत नव्हती. मान्सं मोठ्यानं वाचायची, हा स्ट्रेचर धरून ऐकत उभा. तिकडं पेशंट बोंबलायचा.

प्रांजली : आणि तो गेल्यावर तुम्ही चालू ठेवलंत.

कडुबा : कार्ड बंद करायला हात धजला नाय.

प्रांजली : ठीक आहे. पण मग सिस्टीमवर का चढवलंत? जुन्या रजिस्टरात सुखानं राहिला असता तो.

कडुबा : तुमीच ट्रेनिंगात दम भरला, एक बी नोंद सोडायची नाय. मी इमानानं सगळ्या चढवल्या.

प्रांजली : धन्य आहात. आणि पैठण, वैजापूर?

कडुबा : त्याच ट्रेनिंगात चहाच्या टायमाला तिथल्या शिपायांनी इचारलं, तुमच्याकडं लोक एवढं कसं वाचतेत. मी सांगितलं. त्यांनी नंबर लिव्हून घेतला. व्हरांडे तिकडं बी हायेत की.

प्रांजली : काका, तीन महिन्यांत तुम्ही रिटायर होताय. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. खोटं लिहिलं तर बारावा दिसणार नाही. कार्ड आजच बंद होणार आणि त्यावरची पुस्तकं आजच परत यायला हवीत.

कडुबा : मग तुमीच जा आनायला. सोळा नंबर वार्डापुढं शेंद्र्याची श्रेया बसलीय. आईचं डायलिसिस चालूय. सारा जिल्हा टँकरमागं पळायलाय आन् तिला सांगितलंय, आईला पानी मोजून पाज. काहून, ते तिला भिकनच्या कार्डावर दिलेल्या पुस्तकात घावलं. वहीत उतरून घ्यायलीय. तिच्या हातातनं ओढून आना. मला नाय जमायचं.

प्रांजली : मलाही आवडत नाहीये हे. त्याचा वारस कोण? फॉर्मवर अंगठा लागेल.

कडुबा : वच्छलावैनी, बायको. त्याच्याच जागी लागली, झाडायला. बघा, आलीच. मगाशीच निरोप धाडला व्हता.

(वच्छलाबाई झाडू दाराशी टेकवून आत येते.)

वच्छलाबाई : काय झालं भाऊजी? माझा अर्धा व्हरांडा तसाच राह्यलाय.

कडुबा : वैनी, भिकनचं पुस्तकाचं कार्ड बंद करायचंय.

वच्छलाबाई : आजून चालू व्हतं?

कडुबा : व्हय.

वच्छलाबाई : आन् मला सांगितलं नाय तुमी.

कडुबा : चुकलं माझं.

वच्छलाबाई : घरी आला की जेवताना सांगत बसायचा, आज ऐकलं, काळीज कसं चालतं, रगात कुठनं कुठं जातं. मी म्हनायचे, भाकर खाय आदी, रगात पळून नाय चाललं. सहा वर्षं झाले, घरात आसं कुनी बोललं नाय.

प्रांजली : मावशी, माझा इलाज नाही हो. नियमानं कार्ड फक्त कर्मचाऱ्याला मिळतं.

वच्छलाबाई : मग मी कोन हाय?

प्रांजली : म्हणजे?

वच्छलाबाई : रोज सकाळी मशीनवर अंगठा देते मी. मला कधी कुनी कार्ड दिलं नाय. वाचता आलंच पाह्यजे, आसं लिव्हलंय का तुमच्या नियमात?

प्रांजली : थांबा, बघते... नाही. कुठंच नाही.

कडुबा : लिव्हनाऱ्याच्या डोक्यात आलंच नसंल. झाडनारी बाई कार्ड मागंल म्हनून.

प्रांजली : गप्प बसा काका, टाइप करू द्या. "सदर कर्मचारी मयत. कार्ड बंद करायचे राहून गेले, जुन्या कार्डावर पुस्तके दिली गेली."

कडुबा : माझ्याकडनं राह्यलं, आसं लिव्हा. त्या दोघांला नका गुतवू.

प्रांजली : "तुमच्याकडून राहिलं" लिहिते. पण तीन ठिकाणी वापरलं, हेही लिहावं लागेल. लेखी समज मिळेल तिघांना. पेन्शनपर्यंत जाऊ नये.

कडुबा : समज चालंल. आजवर कुनी दिलीच नव्हती.

प्रांजली : आणि पैठण-वैजापूरला फोन लावा. तिथं झाडणाऱ्या बायकांनाही आजच कार्डं काढून द्या म्हणावं. मावशी, इथं अंगठा. झालं. हे तुमचं कार्ड. सोळा नंबरपुढच्या त्या पोरीकडचं पुस्तक आता तुमच्या नावावर आहे.

वच्छलाबाई : मग तिला म्हनावं, जरा मोठ्यानं वाच. मी तिथंच झाडते.